समोरचा शुक्र

आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आकाशाचं वेड लागलं ते देवळाली कॅम्पातल्या एका लिलावामुळं. कुणी तोफखान्याचा साहेब विलायतेला परत निघाला होता आणि त्याचं सामान बाजारात विकायला काढलं होतं. दादा गेले होते आईसाठी शिवणयंत्र बघायला आणि आले पितळी दुर्बीण घेऊन. आई चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी फक्त म्हणाली, "शिवा आता हिनंच चोळ्या." दादा शाळेत भूगोल शिकवत. त्यामुळं दुर्बीण ही शाळेच्या कामाची वस्तू आहे, असं ते सगळ्यांना सांगत सुटले. शाळेत ती एकदाही गेली नाही, हे वेगळं सांगायला नको.

ते साल लढाई लागली ते. माझी पहिली मुलगी श्रावणात माहेरी झाली होती आणि मी अजून नाशकातच होते. सासर मनमाडचं. आमचे हे तिथं रेल्वेत तारमास्तर होते. लढाईमुळं त्यांच्या रजा बंद झाल्या, त्यामुळं बारशाला एकदा येऊन गेले तेवढेच. सासूबाईंनी तर नातीचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. दिवाळीनंतर घेऊन या, असं त्यांनीच कळवलं होतं, आणि मीही माहेरी मजेत लोळत होते. खोटं कशाला बोलू?

कोजागिरीला आम्ही सगळे गच्चीवर होतो. आमचं घर पंचवटीतलं, भाड्याचं. कौलांच्या मध्ये चार खाटा मावतील एवढी गच्ची होती. तिथून पश्चिमेला नदीपल्याडचं गाव आणि त्याच्याही मागं अंजनेरीचा डोंगर दिसायचा. आटीव दूध झालं आणि दादांनी दुर्बीण तिपाईवर चढवली. आधी चंद्र. आत्यानं डोळा लावला आणि दचकून मागं सरली. "अगं बाई! याला देवी आल्या होत्या की काय?" म्हणाली. आत्या म्हणजे दादांची मोठी बहीण, तीस वर्षं आमच्याकडेच होती. ऐन तरुणपणी विधवा झालेली. घरातलं पान तिच्या शब्दाशिवाय हलत नसे.

मग दादांनी शनी लावला. आत्या काही केल्या बघेना. "त्याची नजर मला नको आणि पोरीलाही नको," म्हणून तिनं माझ्या मांडीवरच्या बाळीवर पदर टाकला. त्या वेळी पूर्वेला, चंद्राच्या बरंच वर, एक चांदणी अशी काही तेजाळली होती, की दुर्बीण नसली तरी चालावं. आत्यानं तिच्याकडे बोट केलं. "ही बघा शुक्राची चांदणी. हिला नाही लागत तुझी नळकांडी."

"अक्का, तो गुरू आहे," दादा म्हणाले. "ये, बघ, त्याच्या शेजारी चार छोटे ठिपके दिसतात. ते त्याचे चंद्र."

आत्यानं बघितलं. "काचेवर धूळ आहे तुझ्या. पुसत जा," म्हणाली आणि दुधाची भांडी घेऊन खाली गेली. आम्ही पोट धरधरून हसलो.

ते हसू चार दिवसही टिकलं नाही. मंगळवारी दुपारी यांचं पत्र आलं. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला होता. डावी बाजू लुळी पडली होती आणि जीभ जड झाली होती. 'आई दुसरं काही बोलत नाही. नातीला आणा, एवढंच म्हणते. डॉक्टर काही सांगत नाहीत. मला इथून हलता येत नाही. शनिवारच्या आत ये.' एवढंच पत्र. नेहमी खुशाली विचारून पानभर लिहिणारा माणूस. मी तशीच उठले आणि ट्रंक खाली काढायला लागले.

आत्या दारात उभी होती. तिनं पत्र ऐकलं, डोळे पुसले, आणि म्हणाली, "तू एकटी जा. पोर जाणार नाही."

"अंगावर पिणारी पोर ठेवून कशी जाऊ? आणि त्यांना तीच तर बघायचीय!"

"शुक्र समोर आहे," ती म्हणाली. "मनमाड पूर्वेला. शुक्र पूर्वेला. लेकुरवाळीनं समोरच्या शुक्राला तोंड देऊन जायचं नाही. नव्या नवरीनं नाही, पोटुशीनं नाही आणि तान्ह्या पोराच्या आईनं तर नाहीच नाही."

आता हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्याकडे असे कितीतरी प्रवास या कारणानं पुढं ढकलले जात. पण घरात पंचांग होतं. दादांनी ते उघडून दाखवलं. शुक्र पश्चिमेला उगवलेला, स्वच्छ छापलेलं होतं. पश्चिमेला म्हणजे मनमाडला जाताना पाठीमागं. पाठीमागच्या शुक्राला काही दोष नाही. "संपलं!" दादा म्हणाले.

कसलं संपतंय! आत्या म्हणाली, "तुझं पंचांग नव्या लोकांचं. त्यांचा एक अधिकमास आणि जुन्यांचा दुसरा. कुणाचा गणपती कधी बसतो याचा मेळ नाही, आणि मी त्यांच्या भरवशावर पोर बाहेर काढू? मी डोळ्यांनी पाहिलाय. कोजागिरीला तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय."

मी तडकले. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता. काय तोंडाला येईल ते बोलले. तुझ्या हट्टापायी माझी सासू नातीला न बघता जाईल, तिकडे ते एकटे काय काय करत असतील आणि तुला चांदणीचं पडलंय, असं सगळं. आत्या ऐकत राहिली. मग एकदम बसली आणि म्हणाली, "मी केलंय ते. मी ऐकलं नव्हतं कुणाचं."

तिला एक मुलगा होता आणि तो गेला, एवढं मला माहीत होतं. पण घरात तो विषय निघत नसे. त्या दिवशी तिनं सांगितलं. नवरा जाऊन दोन महिने झाले होते. सासरचे न्यायला आले होते निफाडहून. संध्याकाळी बैलगाडी निघाली तेव्हा समोर, पूर्वेला, ही एवढी मोठी चांदणी होती. तिची आई म्हणाली, नको जाऊस, शुक्र समोर आहे, चार दिवसांनी जा. सासरच्यांना घाई होती आणि तिलाही भांडण नको होतं. ती गेली. आठव्या दिवशी पोराला ताप भरला. सहा महिन्यांचं पोर.

"त्याच्या बाबतीत मी शहाणपणा केला," आत्या म्हणाली. "हिच्या बाबतीत नाही करू देणार."

आणि खरं सांगायचं तर माझीच पाचावर धारण बसली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, दादांचे चार ठिपके मी स्वतः पाहिलेले, तरीसुद्धा. पाळण्यात बाळी झोपली होती, तिच्या कपाळाला मी उगाचच हात लावून बघितला. उद्या तिला काही झालं तर? दुर्बीण काय करील? मनमाडला जावं तर ही भीती, न जावं तर तिकडे सासूबाई. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर दादा आत्याला गच्चीवर घेऊन गेले होते. पूर्वेला तो चकाकत होताच. पश्चिमेला काही नाही, नुसता अंधार.

"दाखव तुझा पश्चिमेचा शुक्र," आत्या म्हणाली.

"मावळला असेल. तो सूर्यापाठोपाठ लगेच बुडतो."

"वा! सोयीचा आहे हो तुझा शुक्र. कागदावर उगवतो आणि बघायला गेलं की बुडतो."

दादा म्हणाले, सूर्य मावळल्यावर लगेच, उजेड असतानाच बघायला हवं. आणि इथंच सगळं अडलं. कारण ती वेळ म्हणजे तिन्हीसांज. तिन्हीसांजेला आमच्या घरात कुणी उंबऱ्याबाहेर नसे. दादा शाळेतून येत, पाय धूत आणि मुलांना परवचा म्हणायला बसवत. आई तुळशीपाशी. आत्या देवापुढं समई लावून हात जोडून बसे ती चांगली अर्धा तास, आणि तोवर कुणी शिंकायचंसुद्धा नाही. आम्ही गच्चीवर जायचो ते जेवणं उरकल्यावर. म्हणजे शुक्र संध्याकाळी वर येत असो, नाचत असो, या घरात तो कुणाच्या बापानं पाहिलेला नव्हता! दुर्बीण आल्यापासून दादांनीही नाही. हे लक्षात आल्यावर ते स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेत राहिले. "गुरूचे चंद्र मोजले आणि शुक्र बघायचा राहिला," असं दोनतीनदा म्हणाले.

आत्या समई सोडून गच्चीवर येणं शक्यच नव्हतं. दादांनी एकदा विचारून पाहिलं आणि बोलणी खाऊन परत आले.

तोड काढली ती आईनं. माझी आई बोलायची कमी, पण तिचं लक्ष असायचं. बुधवारी सकाळी तांदूळ निवडता निवडता ती आत्याला म्हणाली, "वन्सं, यंदा आपण आकाशदिवा लावू या का? कोजागिरी झाली, लावतातच की लोक कार्तिक पुनवेपर्यंत. गेलेल्या माणसांना उजेड होतो म्हणतात."

आत्याचा हात थांबला. "लावायचा तर गच्चीवर लावावा लागेल. उंच."

"हो ना. आणि तिन्हीसांजेलाच. तुमच्या हातानं लावा. देवापुढची समई मी बघते."

मी तोंडात पदर कोंबला, नाहीतर तिथंच हसले असते. तोंडावरची माशी हलू न देता बोलत होती बाई! दादांनी तासाभरात वेळू आणला, कप्पी बसवली, कागदाचा कंदील केला. दिवाळीत मुलांना कंदील करून द्यायला ज्यांना कधी वेळ नसे ते दादा.

बुधवारी संध्याकाळी आत्या पणती घेऊन गच्चीवर आली. अंजनेरीवर ढग. उशिरा परतणाऱ्या पावसाचे काळेभोर ढग, डोंगरच दिसेना. दादा दुर्बिणीला डोळा लावून वीस मिनिटं उभे होते आणि मी त्यांच्या शेजारी देवाचं नाव घेत होते. आत्यानं दिवा वर चढवला, हात जोडले आणि आमच्याकडे न बघताच खाली गेली. ती रागावली नव्हती. मला वाटतं, तिला कळलं होतं आईनं काय केलं ते.

गुरुवार उजाडला. शुक्रवारी निघाले नाही तर शनिवारी पोचून उपयोग नव्हता, असं मला सारखं वाटत होतं. यांचं दुसरं पत्र आलं नव्हतं. पत्र न येणं चांगलं की वाईट, याचा काथ्याकूट दिवसभर केला. दुपारी वारा सुटला. चारच्या सुमाराला आकाश धुतल्यासारखं झालं. आता काही दिसलं नाही तर ढगांवर तरी खापर फोडता येणार नव्हतं.

सूर्य गेला. पश्चिम लाल, मग पिवळी. दादा दुर्बीण इकडून तिकडं फिरवत होते. "थांब, थांब," असं कुणी काही विचारत नसताना म्हणत होते. मी डोळे फाडफाडून बघत होते. इतकं बघितलं की सगळीकडे ठिपकेच ठिपके दिसायला लागले. आत्या मागं दोरी ओढत होती, कप्पी करकरत होती. आणि ती म्हणाली, "अंजनेरीवर कुणी एवढ्या वर दिवा लावला रे?"

आम्ही दोघांनीही चमकून तिच्या नजरेच्या रोखानं बघितलं. आम्ही डोंगराच्या बरोबर वर बघत होतो, आणि हा होता थोडा डावीकडे. पांढरा, ठळक, न लुकलुकणारा. डोंगराच्या टोकावर दिवा ठेवावा आणि तो हातभर वर सरकावा, तसा.

दादांनी दुर्बीण लावली, बघितलं, आणि बाजूला होऊन म्हणाले, "अक्का, तो दिवा नाही. ये."

आत्यानं डोळा लावला. ती बराच वेळ वाकून राहिली. "वाटोळा आहे," म्हणाली. "ठिपके नाहीत याच्याजवळ."

"नाहीत. शुक्राला चंद्र नाही. आता मागं बघ."

तिनं मागं वळून पाहिलं. पूर्वेला रोजची ती चांदणी उजळायला लागली होती. पुढं हा, मागं ती, एकाच वेळी. आत्यानं पुन्हा पश्चिमेला बघितलं. पुन्हा पूर्वेला. तिची मान अशी दोनचारदा फिरली.

"म्हणजे शुक्र हा."

"हा."

"पाठीमागं."

"मनमाडला जाताना पाठीमागं," दादा म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. मी मटकन खालीच बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता रडायला. इतके दिवस छातीवर कुणी वरवंटा ठेवला होता तो उचलला असं झालं. खालून आई विचारत होती, "दिसला का?" मी ओरडले, "दिसला! आत्याला दिसला!" शेजारीपाजारी खिडक्या उघडून बघायला लागले असतील. बघेनात का.

आत्या मात्र तिथंच उभी होती. शुक्र खाली खाली चालला होता. तो डोंगराला टेकला. मग दादांना म्हणाली, "संध्याकाळी पूर्वेला दिसते ती शुक्राची चांदणी नसतेच?"

"नाही. शुक्र सूर्याला सोडून लांब जातच नाही. संध्याकाळी दिसला तर पश्चिमेला, नाहीतर पहाटे पूर्वेला."

"कधीच नसते? एखाद्या वर्षी?"

"कधीच नाही, अक्का."

"त्या दिवशी आम्ही संध्याकाळी निघालो होतो," आत्या म्हणाली. "दिवे लागले होते. गाडी पूर्वेला तोंड करून."

दादांना तेव्हा कळलं. मलाही. दादा म्हणाले, "तो गुरू असेल. नाहीतर मंगळ. शुक्र नव्हता. शुक्र असणं शक्यच नाही."

"मग त्याला काय झालं?"

"ताप आला, अक्का. त्या वर्षी गावात घरोघरी ताप होता. ताप आला आणि गेला तो."

आत्यानं दादांच्या दंडावर एक जोराची चापट मारली. म्हाताऱ्या बहिणीनं म्हाताऱ्या भावाला मारावी तशी नाही, लहानपणी मारत असेल तशी. "तीस वर्षं!" ती म्हणाली. "तीस वर्षं पुस्तकं घेऊन बसलास रे मेल्या माझ्यासमोर! पृथ्वी गोल आहे म्हणून पोरांना घोकवलंस, आणि मला एक चांदणी दाखवता आली नाही तुला?" आणि तिनं त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवलं. दादा म्हणत होते, "तू कधी सांगितलं नाहीस गं, तू कधी बोललीच नाहीस." मला तिथं थांबवेना. मी खाली गेले.

शुक्रवारी सकाळी टांगा आला तेव्हा आत्या आधीच त्यात बसली होती. कुणाच्या निघण्याच्या वेळी ती कधी पुढं येत नसे, आपण आडवं येऊ नये म्हणून स्वयंपाकघरात बसून राही. त्या दिवशी तिनं आपली वळकटी मांडीवर घेतली होती आणि म्हणाली, "पोर दे इकडं. तुला ट्रंक सांभाळायचीय." नाशिक रोडला पॅसेंजरमध्ये खिडकी तिनंच पकडली. ऊन थेट तोंडावर येत होतं, तरी जागा सोडेना. निफाडला गाडी थांबली, तेव्हा तिनं बाहेर बघितलं, बाळीला छातीशी जरा घट्ट धरलं, आणि गाडी सुटल्यावर म्हणाली, "त्याला इथं हनुवटीला खळी होती." मग मनमाड येईपर्यंत ती त्याच्याबद्दलच बोलत होती. तो कसा पालथा पडायचा, दुधाला कसा घाई करायचा, कुणी शिंकलं की कसा हसायचा.

सासूबाई पुढं सहा वर्षं होत्या. हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? त्या दिवशी त्या खाटेवर निजल्या होत्या आणि तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. आत्यानं बाळीला त्यांच्या चांगल्या हाताच्या कुशीत ठेवलं. त्यांनी तिचा वास घेतला, तिचे पाय चाचपले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मी पुसलं. मग बायका बायकांना विचारतात तसं, जड जिभेनं, त्यांनी आत्याला विचारलं, "तुम्हाला किती?"

हा प्रश्न आत्याला आयुष्यभर कितीजणींनी विचारला असेल. मला काही नाही, असं म्हणून ती कामाला लागत असे. त्या दिवशी ती खाटेच्या कडेवर नीट बसली.

"मला एक मुलगा," ती म्हणाली. "सहा महिन्यांचा होता. तापानं गेला."